तेवीस नंबरचा बिल्ला

१

शुक्रवारी कंपनीला सुट्टी, आणि सुट्टीच्या सकाळी देव घासायचे, हा जिज्ञासाचा सहा वर्षांचा नेम. प्रीतमशी लग्न होऊन चामटोलीत आली त्या महिन्यापासून हे काम तिच्याकडे होतं. चिंच कोळायची, चिमूटभर मीठ घालायचं आणि देव्हाऱ्यातली सगळी मंडळी परातीत उतरवायची. एकवीरा, खंडोबा, बाळकृष्ण आणि तीन टाक. दोन टाकांवर घोड्यावरचे देव स्पष्ट दिसत. तिसरा गोल, पितळी, वर एक भोक पाडलेला. त्याच्यावर हळदकुंकवाचं असं पूट चढलं होतं की आत कोणता देव आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. देव्हाऱ्यात आहे म्हणजे देवच असणार.

त्या शुक्रवारी जुन्या टूथब्रशने घासताना ते पूट खपली निघावी तसं अख्खं निघून आलं. खाली अक्षरं होती. एका बाजूला कोरलं होतं ‘आत’, दुसऱ्या बाजूला ‘बाहेर’. दोन्हीकडे खाली आकडा, २३.

मोतीबाई, तिची सासू, ओटीवर वाल सोलत बसली होती. वय चौसष्ट, गुडघे ऐंशीचे. जिज्ञासाने टाक तिच्यापुढे धरला. "आई, हा कुठला देव हो?"

मोतीबाईने बघितलं आणि ती हसत सुटली. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "देव कुठला, बाय. बिल्ला हाय माझा. हॉस्टेलचा."

मग वाल बाजूला राहिले आणि गोष्ट निघाली. सोनिवलीच्या बुधाजीची पोर मोती मॅट्रिक झाली, गावातली पहिली. मास्तरांनी बापाच्या मागे लागून तिला उल्हासनगरच्या बायकांच्या कॉलेजात घातलं. पावसात नदी रस्ता अडवायची म्हणून हॉस्टेलही मिळवून दिलं. एकोणीस दिवस ती तिथे होती. विसाव्या दिवशी संध्याकाळी, पोरी जेवायला बसल्या असताना, बाप दारात उभा. म्हणाला, आजी लय आजारी हाय, चल, सोमवारी परत आनून सोडतो. मोती भरल्या ताटावरून उठली. दारातल्या फळ्यावरचा बिल्ला उलटा करायचा सोडून घाईत मुठीतच घेऊन निघाली. घरी आजी ठणठणीत होती आणि दारात मांडव पडला होता.

बिल्ला बोचक्यातून सासरी आला. सासूला वाटलं, पोरीने माहेरचा टाक आणलाय. तिने हात जोडून तो देव्हाऱ्यात बसवला. नव्या नवरीने सासूला ‘हा देव नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षं बिल्ल्याला फूल मिळत होतं, अक्षता मिळत होत्या, दिवाळीला करंजीचा नैवेद्य मिळत होता.

"आणि तुम्ही पण पाया पडायच्या?"

"मंग? सगल्यांत जास्त मीच."

मोतीबाईने दोन शेंगा सोलल्या आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "उल्हासनगरला फालुदा बरा मिलतो म्हनतात."

ताकाला जाऊन भांडं लपवायची सासूची खोड जिज्ञासाला पाठ होती. "कॉलेज बघायचंय ना, आई?"

"जाता जाता दिसलं तर बघू," मोतीबाई म्हणाली, आणि नवी साडी काढायला उठली.

२

कॉलेज जाता जाता दिसण्यासारखं नव्हतंच. कॅम्पातल्या बाजाराच्या मागे, गल्लीत गल्ली, तिच्या टोकाला. आधी ती जागा लष्कराची छावणी होती, मग निर्वासितांची. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी बायकांनी आपल्या मुलींसाठी एका बराकीत वर्ग सुरू केले, त्याचं हे कॉलेज झालं. आता पुढे चार मजली इमारत होती, लिफ्ट होती, मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या मुली होत्या. बराक मागे उरली होती, मोडक्या बाकांची अडगळ पोटात घेऊन.

हरेश नावाचा म्हातारा शिपाई चावी घेऊन आला. त्याच्या आईने याच बराकीत स्वयंपाक केला होता, म्हणून त्याला जुन्या मुलींचं कौतुक. "आओ माँजी, बघा आरामसे. मे महिन्यात तोडणारेत हे सगळं."

दार उघडलं. आत थंडावा आणि लाकडाचा वास. दाराशेजारी भिंतीवर फळा होता, त्यावर चाळीस खिळे आणि खिळ्यांना चाळीस बिल्ले. खरं तर एकोणचाळीस. सगळ्यांवर धूळ, सगळे ‘बाहेर’. तेवीस नंबरचा खिळा तेवढा रिकामा होता.

"दादी इथं उभी ऱ्हायची," मोतीबाई हळू आवाजात म्हणाली. दादी म्हणजे हॉस्टेलची मुख्य बाई. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. "सातची घंटा झाली का सगले बिल्ले बघायची. एक जरी ‘बाहेर’ असला तर दाराला कडी नाय लावायची. त्या पोरीचं ताट झाकून ठेवायची. कदी पन येऊ दे, उपाशी नाय झोपवायची."

"और सब ‘आत’ आले तर?" हरेश कौतुकाने म्हणाला. "फिर कडी. सुबह तक कोणी बाहेर नाही."

मोतीबाईने कमरेच्या पिशवीतून बिल्ला काढला, पदराने पुसला आणि तेवीस नंबरच्या खिळ्याला लावला. ‘आत’. सगळ्या काळवंडलेल्या बिल्ल्यांत तो एकटा लखलखत होता. जिज्ञासाने फोटो काढला. सासूचा चेहरा इतका खुललेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि तिला फार बरं वाटलं.

निघताना हरेश म्हणाला, "माँजी, जाताना बिल्ला घुमाने का. रूल है."

"ऱ्हाऊ दे रे," मोतीबाई म्हणाली. "इतक्या वर्सांनी आत आयलाय तो."

हरेश हसला नाही. त्याने खांदे उडवले आणि दार नुसतं लोटून घेतलं.

३

पहिली गोष्ट स्कूटरला कळली.

मोतीबाईचं वजन सत्तर किलो. ती मागे बसली की गाडी खाली दबायची आणि प्रत्येक गतिरोधकाला मागून ठक् असा आवाज यायचा. येताना चामटोलीपासून असे चौतीस ठक् झाले होते; मोतीबाईनेच मोजले होते. कॉलेजातून निघाल्यावर पहिला गतिरोधक आला आणि गेला. आवाज नाही. दुसराही तसाच. जिज्ञासाने आरशात पाहिलं. सासू मागे बसलेली, पदर उडतोय, तोंडावर हसू.

चाकात हवा जास्त भरली असेल, तिने मनाशी म्हटलं. हवा तिनेच परवा भरली होती, आणि जास्त भरली नव्हती.

फालुद्याच्या दुकानात गर्दी होती. मोतीबाईने पेला उचलला आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या सळसळत कोपरापर्यंत घसरल्या. जिज्ञासा बघत राहिली. त्या बांगड्या मनगटात इतक्या रुतलेल्या होत्या की मागच्या वर्षी हाताला सूज आली तेव्हा साबण लावूनही निघाल्या नव्हत्या, कापाव्या लागतील म्हणून डॉक्टर बोलले होते.

"आई, बांगड्या सैल झाल्या?"

"झाल्या असतील." मोतीबाई रस्त्यापलीकडच्या चारमजली दुकानांकडे नवलाने बघत होती. "हे सगलं कवा झालं गं?"

दोन महिन्यांपूर्वी दोघी याच रस्त्यावर पडद्याचं कापड घ्यायला आल्या होत्या. जिज्ञासाने तसं सांगितलं. सासूने मान डोलावली, पण ती अनोळखी माणसाला वाईट वाटू नये म्हणून डोलावतात तशी.

४

अंबरनाथचं शिवमंदिर बघायचं आधीच ठरलं होतं. आता जिज्ञासाला वाटत होतं, देवाच्या दारात जरा बसलं की आईला बरं वाटेल. ऊन लागलं असेल. माणूस किती कारणं शोधतं! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण जिज्ञासाचं मन अजून चांगलंच चिंतत होतं.

त्या देवळाचा गाभारा जमिनीच्या खाली आहे. काळ्या दगडाच्या वीसेक पायऱ्या उतरून पिंडीपाशी जायचं, आणि अभिषेकाच्या पाण्याने त्या ओल्या असतात. गेली पाच वर्षं मोतीबाई वरूनच हात जोडायची. जिज्ञासा हात धरायला वळली तर सासू शेजारी नव्हती. ती खाली पोचली होती. कठड्याला हात न लावता, दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली होती, शाळा सुटल्यावर पोरं उतरतात तशी.

दर्शन घेऊन दोघी वर आल्या. सभामंडपाची फरशी कोरडी होती. जिज्ञासाने मागे वळून पाहिलं. पायऱ्यांपासून खांबापर्यंत ओली पावलं उमटली होती. एकाच माणसाची. तिने आपला पाय एका पावलावर ठेवून बघितला. तिचंच होतं.

कुणीतरी पुसली असतील. पण अर्धीच पावलं कोण पुसतं?

दोघी नदीकाठच्या पारावर बसल्या. जिज्ञासाने सासूचा हात हातात घेतला. हात होता, ऊबही होती, फक्त त्याला भार नव्हता. वाळत घातलेला रुमाल उचलावा तसा तो उचलला जात होता.

"आई, निघू या. प्रीतम यायच्या आत घरी पोचायला हवं."

मोतीबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मायाही होती आणि संकोचही. "कोन प्रीतम, ताई?"

जिज्ञासाने पर्समधला पेढा काढून सासूच्या तोंडात घातला. साखर कमी झाली असेल. साखरच असू दे, देवा. प्रीतमला फोन करावा असं मनात आलं, पण सांगणार काय? तुझी आई हलकी झालीय, असं?

"किती वाजले, ताई?" मोतीबाईने विचारलं. "सातला घंटा होते. माझं जेवन ऱ्हायलंय."

तेव्हा कुठे जिज्ञासाने मोबाइल उघडून सकाळचा फोटो पाहिला. एकोणचाळीस ‘बाहेर’, एक ‘आत’. बाकीच्या पोरी बिल्ला फिरवून कायमच्या गेल्या होत्या; वाट बघायची राहिली होती ती एका तेवीसची, आणि हरेश म्हणाला होता, सगळ्या आत आल्या की कडी, सकाळपर्यंत कोणी बाहेर नाही. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

जिज्ञासाची आई ती आठवीत असताना गेली. माहेर असं काही उरलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पोटातलं मूल गेलं तेव्हा बायका म्हणाल्या, पोरीला महिनाभर आईकडे पाठवा. मोतीबाईने सगळ्यांना हाकलून लावलं आणि त्या सुजलेल्या गुडघ्यांनिशी महिनाभर सुनेच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपली. रात्री जिज्ञासा रडायला लागली की खालून नुसता हात वर यायचा. तो जड, खरखरीत हात पोटावर ठेवायची, इतकंच.

स्कूटर परत कॉलेजकडे निघाली होती, आणि तो हात आता तिच्या कमरेला लागत नव्हता.

"आई, आहात ना?" तिने पहिल्या सिग्नलला विचारलं.

"हाय."

"आई?" दुसऱ्या सिग्नलला. उत्तर आलं, पण दिवा हिरवा झाल्यावर आलं.

तिसऱ्याला आलंच नाही. आरशात पदराचा काठ तेवढा दिसत होता. जिज्ञासाने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर वळून बघावं लागलं असतं.

कॉलेजच्या फाटकात ती थांबली तेव्हा मोतीबाई उतरून शेजारी उभी होती. तेवढ्यानेही जिज्ञासाला रडू फुटायचं बाकी राहिलं. हरेश जायच्या तयारीत होता. त्याने दोघींकडे पाहिलं, बराकीकडे मान केली. "मी बोललो होतो ना, रूल है. दरवाजा खुला आहे. सातची घंटा ऑटोमेटिक असते, दीदी. रोक नहीं सकते."

मोतीबाई बराकीच्या दगडी पायरीवर मांडीत हात ठेवून बसली. जिज्ञासा आत गेली. सात वाजायला अकरा मिनिटं होती.

६

आत कढीचा वास होता.

तो वास ती ओळखत होती. बेसनाची, चिंचेची, शेवग्याच्या शेंगा घातलेली सिंधी कढी. चामटोलीत दुसऱ्या कुणाच्याच घरी तशी होत नव्हती. मोतीबाई मात्र ती बिनचूक करायची. विचारलं तर म्हणायची, एकदा खाल्ली व्हती, पुरती नाय खाल्ली.

फळ्यावर तेवीसचा बिल्ला चमकत होता. जिज्ञासाने हात लावला. पितळ कोमट होतं. फिरवायला किती वेळ लागतो? पण पलीकडच्या खोलीतून आवाज आला, ताटावर बोटं फिरल्याचा. दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून मोडक्या बाकांचा ढीग दिसत होता, आणि ढिगापुढे जमिनीवर एक पाठ. दोन वेण्या, वर दुमडून निळ्या फितीने बांधलेल्या. शेजारी उलटं ठेवलेलं झाकण. भुकेलं माणूस जेवतं तसं ती जेवत होती, मान खाली घालून, भराभर.

जिज्ञासाला पळावंसं वाटलं नाही. या पोरीला एकदा भरल्या ताटावरून उठवलं होतं. आता पुन्हा उठवायचं, आणि ते आपण? तिने बिल्ल्यावरचा हात तसाच ठेवला आणि वाट बघितली. सातला आठ कमी. सातला सहा कमी.

"कोन हाय?" आतून आवाज आला. कोवळा, जरा दचकलेला. पाठ वळली नाही.

"मी."

"दादी?"

"नाही. जिज्ञासा. तुमची सून."

बोटं थांबली. मग, अगदी हळू, "मना सून हाय?"

"आहे."

"चांगली हाय कं?"

"ते मी कसं सांगू? पण तिला दुसरी आई नाही. तुम्ही आत राहिलात तर ती घरी कुणाकडे जाणार?"

सातला तीन कमी. आत बोटं चाटल्याचा आवाज आला. मागचा नळ सुटला, ताट विसळलं गेलं, पालथं घातलं गेलं. कुठेही घाई नव्हती.

"बाबा बोलले व्हते, सोमवारी परत आनतो."

"मी आणीन," जिज्ञासा म्हणाली. "शुक्रवारी. मला शुक्रवारी सुट्टी असते. आणि मी शब्द मोडत नाही."

"नक्की?"

"नक्की, आई."

"मंग फिरव."

तिने बिल्ला फिरवला. ‘बाहेर’. समोरच्या इमारतीत सातची घंटा वाजायला लागली, आणि बराकीत कढीचा वास उरला नाही.

पायरीवर मोतीबाई गुडघे चोळत बसली होती. "कवाची बसवून ठेवलीस, बाय," ती करवादली. "गुडघं लय दुखतात." जिज्ञासा तिच्या गळ्यात पडून रडली. पुढे चामटोलीपर्यंत चौतीस वेळा ठक् झालं, आणि प्रत्येक ठक्‌ला तिच्या जिवात जीव आला.

रात्री मोतीबाई जेवली नाही. म्हणाली, पोट भरलंय.

७

मेपर्यंत एकही शुक्रवार चुकला नाही. दुपारी बिल्ला ‘आत’, साडेसहाला ‘बाहेर’, आणि मधल्या वेळात मोतीबाई पायरीवर बसून ऊन खायची, हलकी, हसतमुख, कुणाचीही आई नसलेली. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. जिज्ञासा शेजारी बसून घड्याळावर नजर ठेवायची.

मग बराक पाडली. हरेशने बिल्ला आणून हातात दिला. जिज्ञासाने चामटोलीच्या घरात, दाराशेजारी, एक खिळा ठोकला आणि तो लावला. ‘बाहेर’. प्रीतमने विचारलं तेव्हा म्हणाली, टाक आहे, असू दे. आणि रोज संध्याकाळी ती एक ताट झाकून ठेवू लागली. शब्द तो शब्द.

पाच शुक्रवार काहीच झालं नाही. सहाव्या शुक्रवारी मोतीबाई भावाकडे सोनिवलीला गेली होती. जिज्ञासा दळण घेऊन संध्याकाळी परतली, तर मोरीत ताट विसळून पालथं घातलेलं. आतल्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज येत होता. बिल्ला ‘आत’ होता.

तिने दळण खाली ठेवलं आणि सोनिवलीला फोन लावला. "आई, गुडघे कसे आहेत?"

"अगं, नवलच," पलीकडून आवाज आला. "आज जरा पन दुखत नायत." मग, संकोचत, "कोन बोलतंय, ताई?"

जिज्ञासाचा हात बिल्ल्याकडे गेला. आतमध्ये पोरगी ओठांतल्या ओठांत धडा वाचत होती. तिने घड्याळ पाहिलं. साडेसहा झाले होते.

"तुमची सून," ती फोनमध्ये म्हणाली. "थांबा तिथेच. न्यायला येते. एवढा धडा संपू दे."

आणि बिल्ल्यावर हात ठेवून ती दारात उभी राहिली.